४८ व्होल्टची घरगुती ई-सायकल बॅटरी: मीटर अर्धी दाखवतो, पुलावर मात्र कट होते

तक्रार नेहमी सारखीच असते. पॅक घरी बांधलेला, नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून बांधून घेतलेला. सपाट रस्त्याला सायकल झकास पळते. सोलापुरातल्या आसरा पुलाच्या चढाला थ्रॉटल पूर्ण पिळला की डिस्प्लेसकट सगळं गप्प. खाली उतरून चावी बंद-चालू केली की मीटर पुन्हा अर्धी बॅटरी दाखवतो आणि सायकल निमूट चालू होते. दोन-चार दिवसांनी परत तेच. एप्रिल-मेमध्ये जरा जास्तच. लोक चार्जर बदलून बघतात, थ्रॉटल बदलतात, कुणीतरी सांगितलं म्हणून नवा कंट्रोलर (मोटरला करंट सोडणारी डबी) घालतात, तरी पुलावर यायचं ते येतंच.

माझ्याकडे आलेल्या अशा पॅकमध्ये बहुतेक वेळा दोष एकाच जागी निघतो: पॅकमधल्या तेरा पॅरलल ग्रुपपैकी (शेजारी शेजारी जोडलेल्या सेलांचा गट म्हणजे ग्रुप) एखादा कमजोर झालेला असतो. बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट, तो ग्रुप वाचवायला पॅक तोडतं. म्हणजे बीएमएस आपलं काम नीट करतंय आणि शिव्या त्यालाच बसतायत.

पुढचं सगळं १३ सिरीज ५ पॅरललच्या (पाच-पाच सेलांचे तेरा ग्रुप एकापुढे एक) पॅकला धरून लिहितो, कारण आपल्याकडे सायकलींना तोच जास्त दिसतो. १८६५० आकाराचे ६५ सेल, प्रत्येकी २५०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) धरले तर १२.५ अँपिअर-अवर. पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट, कारण एक सेल ४.२ ला भरतो आणि तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. ३६ व्होल्टचा १० सिरीजवाला पॅक असेल तर पूर्ण चार्ज ४२ व्होल्ट धरा, बाकी पद्धत तीच.

आधी कट कोण करतंय ते बघा

सायकल बंद पडली तेव्हा डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबली असेल, तर कंट्रोलरने हात वर केलेत. ४८ व्होल्टचे कंट्रोलर साधारण ३९ ते ४२ व्होल्टच्या दरम्यान लो-व्होल्टेज म्हणून थांबतात. तिथे पॅक खरंच रिकामा झालेला असतो. डिस्प्लेच विझला तर बीएमएसने पॅक तोडलाय, किंवा कनेक्टर ढिला आहे. कनेक्टर डोळ्यांनी बघून कळतो. पिवळं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल, पिन काळवंडलेली असेल, तर आधी ते बदला आणि मग पुढचं वाचा.

बीएमएसची खात्री मल्टिमीटरने होते. पॅक कट झालेला असतानाच बॅटरीच्या मुख्य पॉझिटिव्हपासून बी-मायनसपर्यंत (सेलांकडून बीएमएसला येणारी मायनस वायर) मोजा, मग त्याच पॉझिटिव्हपासून पी-मायनसपर्यंत (बीएमएसमधून बाहेर जाणारी मायनस वायर). पहिल्या ठिकाणी ४५-४६ व्होल्ट आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही किंवा डगमगता आकडा आला, तर बीएमएसमधले मॉसफेट (करंट सोडणारे-अडवणारे स्विच) बंद आहेत.

कट कधी होतो यावरूनही बरंच कळतं. पूर्ण चार्ज असताना, घराबाहेर पडता पडता पहिल्याच पिळीला कट होत असेल तर ओव्हरकरंट समजा: बीएमएस लहान आहे किंवा कंट्रोलर मोठा आहे. ३५० वॉटचा कंट्रोलर चढावर १५ ते १८ अँपिअर सहज ओढतो, त्याला १५ अँपिअरचं बीएमएस पुरणार नाही. फक्त दुपारच्या उन्हात उभ्या केलेल्या सायकलवरच होत असेल तर तापमानाचा सेन्सर बघा. आणि सकाळी ठीक, संध्याकाळी कामावरून परतताना अर्ध्या चार्जला पुलावर कट, असं असेल तर तो कमजोर ग्रुपच.

मीटर फसवतो कसा

हँडलवरचा मीटर तेरा ग्रुपची बेरीज दाखवतो. आत कुणाचं काय चाललंय ते त्याला कळत नाही. बारा ग्रुप ३.७४ वर आणि एक ३.४१ वर असला तरी बेरीज ४८.२९ येते, आणि मीटर अर्ध्याच्या आसपास काड्या दाखवतो. चढावर १५ अँपिअर ओढले की बारा ग्रुप थोडे दबतात, तो एक मात्र २.८ च्या खाली जातो. बेरीज तेव्हाही ४४ च्या पुढे, म्हणून कंट्रोलरला काही वावगं वाटत नाही. बीएमएस मात्र प्रत्येक ग्रुप वेगळा मोजत असतं. एकजण खाली गेला की ते सगळ्यांचा रस्ता बंद करतं. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तसलंच हे. थांबला म्हणून धागा जोडायचा असतो, थांबवणारा काटा बांधून ठेवायचा नसतो.

आता बायपासचं, म्हणजे बीएमएस वगळून पॅक थेट जोडण्याचं. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जाणारा एक पोरगा पॅक घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, "काका, बी-मायनस अन् पी-मायनस वायरने जोडून द्या की. आमच्याकडं सगळेच मारत्यात बायपास."

"देतो की जोडून. चार्जिंगला कुठं लावतोस?"

"घरात. दाराजवळ, चपला काढतो तिथं."

"आणि झोपतो कुठं सगळे?"

त्यावर तो हसला आणि पॅक टेबलावर ठेवला.

बायपास मारला की सायकल पूल चढते, हे खरं आहे. म्हणून तर तो लोकप्रिय आहे. पण कमजोर ग्रुप तसाच ओढत राहिला की शून्यावर जातो, पुढे उलटा होतो, म्हणजे प्लसचा मायनस. इतका खाली गेलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पत्रा विरघळतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमा होऊन आतल्या आत शॉर्ट करू शकतं. शिवाय कॉमन पोर्टच्या बीएमएसमध्ये चार्जिंगही त्याच वाटेने होतं, त्यामुळे बायपासने चार्जिंगचं संरक्षणही जातं. चार्जरला फक्त ५४.६ ही बेरीज कळते. कमी क्षमतेचा ग्रुप लवकर भरतो आणि बाकीचे भरेपर्यंत ४.३, ४.४ असा वर चढत जातो. पुलावर सायकल नुसती बंद पडते. आग लागते ती नंतर घरी, चार्जिंगला, आणि बहुधा माणसं झोपेत असताना.

ग्रुप मोजायचे कसे

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ५४ व्होल्टचा झटका जाणवेल न जाणवेल, पण असा पॅक शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर सोडतो आणि अंगठी लाल व्हायला क्षण पुरतो. चष्मा किंवा गॉगल घाला. प्रोबच्या टोकावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवा. बॅलन्स कनेक्टर म्हणजे प्रत्येक ग्रुपकडून बीएमएसला जाणाऱ्या बारीक वायरींचा प्लग; त्याच्या पिना इतक्या जवळ असतात की साधा प्रोब घसरला तर दोन पिना एकत्र येतात आणि ती बारीक वायर धूर काढत जळते.

चार्ज पूर्ण झाल्यावर तासभर थांबा. मग बॅलन्स कनेक्टरवर शेजारच्या दोन-दोन पिनांमधला व्होल्टेज मोजत जा आणि कागदावर तेरा आकडे लिहा. डोक्यात ठेवू नका, सातव्या-आठव्याला गोंधळ होतो. सगळे ०.०३ व्होल्टच्या आत असतील तर छान. ०.०५ चा फरक दिसला तर लक्ष ठेवा. ०.१ च्या पुढे फरक म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय.

मग पॅक निम्मा उतरवून पुन्हा तेच तेरा आकडे. आणि तिसऱ्यांदा लोडवर. लोडसाठी महागडं यंत्र लागत नाही. मोटरसायकलचे किंवा कारचे १२ व्होल्ट ६० वॉटचे हॅलोजन बल्ब चार सिरीजमध्ये जोडा, एक माळ साधारण पाच अँपिअर घेते. अशा दोन माळा शेजारी जोडल्या की दहा. बल्ब फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर नको, आणि हात लावू नका. लोडवर मोजताना बॅलन्स कनेक्टर बीएमएसला लावलेलाच हवा, काढला तर बीएमएस लगेच कट करेल. म्हणून कनेक्टरच्या पाठीमागून, वायर आत जाते तिथे प्रोब टेकवायचा. ब्लूटूथचं स्मार्ट बीएमएस असेल तर ही कसरत वाचते, मोबाइलवर तेराही आकडे दिसतात. नवीन बांधत असाल तर तेच घ्या, साध्या बीएमएसपेक्षा पैसे जास्त जातात पण निदान आपण आंधळे राहत नाही.

त्या पोराच्या पॅकचे आकडे असे होते. पूर्ण चार्जला बारा ग्रुप ४.१६-४.१७, नववा ४.२३. निम्म्यावर बारा ३.७४ च्या आसपास, नववा ३.४१. दहा अँपिअरच्या लोडवर बाकीचे प्रत्येकी ०.११ ने दबले, नववा ०.१८ ने.

आकडे काय सांगतात

भरतानाही पहिला आणि संपतानाही पहिला, असा ग्रुप म्हणजे क्षमता कमी झालेली. पाच सेलपैकी एखाद-दोन कामातून गेलेत किंवा त्यांचं वेल्डिंग सुटलंय. नववा लोडवर किती दबला ते बघा: ०.११ चे ०.१८, म्हणजे जवळजवळ पाचास तीन. पॅक न उघडताच सांगता येत होतं की तिथे पाचऐवजी तीन सेल राबतायत.

दुसरा प्रकार, भरल्यावरही मागे आणि उतरल्यावरही तेवढाच मागे. क्षमता ठीक आहे, पण ग्रुप तोल सोडून खाली बसलाय. याला कारण दोन. एखादा सेल स्वतःशीच गळतोय, नाहीतर बीएमएसचा त्या ग्रुपचा बॅलन्स रेझिस्टर सतत चालू राहून गळवतोय. त्या ग्रुपला एकट्याला ४.२ व्होल्टच्या, करंट-मर्यादा असलेल्या सप्लायने बाकीच्यांच्या बरोबरीला आणा, बॅलन्स कनेक्टर काढून पॅक आठवडाभर तसाच ठेवा आणि मोजा. तरीही खाली आला तर सेल दोषी. जागचा हलला नाही तर बीएमएस बदला. गळणारा सेल असलेला पॅक वारंवार टॉप-अप करून वापरत राहणं मला पटत नाही. गळती वाढत जाते आणि ती आत कशामुळे होतेय ते बाहेरून दिसत नाही.

तिसरा, शांत असताना सगळे समान पण लोड आला की एकच ग्रुप दबतो. तिथे जोड खराब आहे: सेल जोडणारी पट्टी, वेल्ड किंवा ग्रुपमधून निघालेली जाड वायर.

इथे बॅलन्सिंगबद्दल (सगळे ग्रुप एका पातळीवर आणण्याबद्दल) एक गैरसमज काढायला हवा. "बीएमएसमध्ये बॅलन्सिंग आहे, तो करेल सरळ," असं म्हणणारे भेटतात. साध्या बीएमएसचं बॅलन्सिंग ५० मिलिअँपिअरच्या आसपास चालतं, आणि तेही ग्रुप ४.२ च्या जवळ पोहोचल्यावरच. १२.५ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये पाच टक्क्यांचा फरक म्हणजे ६२५ मिलिअँपिअर-अवर, तो मिटवायला साडेबारा तास लागतील. चार्जरचा दिवा हिरवा झाला की लगेच प्लग काढणाऱ्यांच्या पॅकमध्ये बॅलन्सिंग कधी होतच नाही. महिन्यातून एखाद्या सुट्टीच्या दिवशी, घरात जागं माणूस असताना, हिरवा दिवा लागल्यावरही चार-पाच तास चार्जर राहू द्या. पण सुटलेलं वेल्ड किंवा मेलेला सेल बॅलन्सिंगने दुरुस्त होत नाही.

पॅक उघडल्यावर

उघडायच्या आधी बल्बांच्या माळेने पॅक उतरवून ग्रुपमागे ३.५ व्होल्टच्या आसपास आणा. भरलेल्या पॅकवर काम करण्यापेक्षा उतरलेल्यावर केलेलं बरं, चूक झाली तर निदान आत ऊर्जा कमी असते. हीट श्रिंक कापायला ब्लेड सेलच्या दिशेने कधीच चालवू नका, बाजूच्या रिकाम्या जागेवरून चिरा. आतली तपासणी लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने. स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा.

नवव्या ग्रुपच्या मायनस बाजूला काडी लावली आणि पट्टी दोन सेलांवरून अलगद उचलली गेली. वेल्डचे ठिपके राखाडी, गुळगुळीत. चांगला वेल्ड ओढून काढला तर पट्टीला भोकं पडतात आणि धातूचे तुकडे सेलवर चिकटून राहतात. इथे तसं काहीच नव्हतं, पट्टी नुसती टेकलेली होती. खड्ड्याखड्ड्यांतून हादरे खाऊन सुटली. पट्टीच्या कापलेल्या कडेला बारीक तांबूस गंज होता आणि तिथेच पुढचं कोडं सुटलं: पट्टी निकेलची नव्हतीच, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची होती. पोलादाचा रोध निकेलच्या दुपटीच्या आसपास. तेवढ्याच करंटला ती जास्त तापते आणि दमट जागी गंजते.

बाजारात दोन्ही पट्ट्या सारख्याच चमकतात. काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका, निकेलही चुंबकाला चिकटतं. घरी पट्टीचा तुकडा पॉलिश पेपरने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाका. पोलाद असेल तर सकाळी पाणी तांबूस होतं. ग्राइंडरवर धरलं तर पोलादाच्या ठिणग्यांची फुलबाजी उडते, निकेलची जवळजवळ नाहीच.

जाडीबरोबर पट्ट्यांची संख्याही बघा. एका ग्रुपकडून दुसऱ्याकडे जाणारा पूर्ण करंट सिरीजच्या पट्ट्यांतून जातो. पाच सेल पाच पट्ट्यांनी पुढच्या पाचांना जोडले तर १५ अँपिअरचे तीन-तीन वाटले जातात. ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद शुद्ध निकेल पट्टीला पाच अँपिअरच्या आसपास सुखाने झेपतात. पट्ट्या वाचवायला एकाच टोकाला जोड दिला तर सगळे १५ त्या एकीतून जातात, आणि त्या टोकाचे सेल रोज जास्त राबून आधी मरतात. पॅक उघडल्यावर कुठे प्लास्टिक पिवळं पडलंय, कुठे टेप सुरकुतलाय ते बघितलं की कळतं.

सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. टिन धरेपर्यंत जी उष्णता आत जाते ती आतल्या पातळ सेपरेटरला (प्लस-मायनस वेगळे ठेवणाऱ्या पडद्याला) सोसत नाही. सोल्डर करायचंच तर आधी पट्टीवर, सेलपासून लांब, आणि मग पट्टी वेल्ड करा. स्पॉट वेल्डरची सेटिंग दर वेळी एखाद्या मेलेल्या, पूर्ण उतरवलेल्या सेलवर ओढून-तोडून तपासायची. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती न दिल्यामुळेच निम्मे पॅक परत येतात.

इन्सुलेशनबद्दल थोडं सविस्तर, कारण पुलावर कट होण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. १८६५० सेलची पूर्ण डबी मायनस असते. पॉझिटिव्हच्या बटणाभोवती जी कड दिसते तीसुद्धा मायनसच, मध्ये फक्त एक बारीक गॅस्केट आणि रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा. त्यावरून निकेल पट्टी गेली आणि हादऱ्यांनी तो पापुद्रा घासला गेला, की तो सेल थेट शॉर्ट. ते ना बीएमएसला कळतं ना फ्यूजला, कारण शॉर्ट त्यांच्या अलीकडे झालेला असतो. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्हवर कागदी रिंग हवीच. सेलचं प्लास्टिक कुठे फाटलं असेल तर नवीन चढवा. बॅलन्सच्या वायरी पट्ट्यांवरून आडव्या नेऊ नका, न्याव्याच लागल्या तर खाली फिश पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद) घाला. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे तो सुटा मिळतो आणि या कामाला अगदी बरोबर आहे. त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा पिवळसर टेप). साधा काळा इलेक्ट्रिकल टेप सोलापूरच्या मेमध्ये गोंद सोडून सरकतो, तो भरवशाचा नाही. सेल होल्डरमध्ये बसवा, एकमेकांना चिकटवून ग्लू गनने बांधलेला पॅक तापला की ग्लूही मऊ पडतो.

मेन पॉझिटिव्हला, पॅकच्या अगदी जवळ, फ्यूज घाला. अनेक पॅकमध्ये तो नसतोच, असला तर गाडीतला साधा ब्लेड फ्यूज असतो. त्याची मर्यादा ३२ व्होल्टची. ५४ व्होल्ट डीसीवर तो वितळला तरी आत ठिणगी पेटती राहू शकते. ५८ व्होल्टचा ब्लेड फ्यूज मिळतो, तो किंवा त्याहून वरचा डीसी रेटिंगचा घ्या.

सेल बदलताना

नवव्यातले दोन सेल पुन्हा वेल्ड करून भागलं असतं का? ते दोघे बरेच दिवस नुसते बसून होते आणि उरलेल्या तिघांनी सगळं ओढलं होतं. म्हणून पाचही काढून मोजले. प्रत्येक सेल ४.२ पर्यंत भरायचा, अर्ध्या अँपिअरने २.८ पर्यंत उतरवायचा आणि एमएएच लिहायचं. सुटलेले दोघे २४०० च्या वर निघाले, राबलेले तिघे २१०० च्या खाली. त्या ग्रुपमध्ये पाचही समान मोजमापाचे घातले. एका ग्रुपमध्ये एकच नवा सेल ठोकून दिला तर गाडी चालते, पण सेलांची जोडी जमत नाही आणि सहा महिन्यांत माणूस पुन्हा दारात. जोडण्याआधी ग्रुपचे सगळे सेल, आणि तयार ग्रुप बाकी पॅकच्या बरोबरीला, ०.०२ व्होल्टच्या आत आणायचा.

सेल विकत घेताना लेबल वाचून हसू आलं पाहिजे. १८६५० मध्ये चांगल्यातला चांगला सामान्य सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो. ५०००, ९८०० असं छापलं असेल तर तो सेल हातात धरायच्याही लायकीचा नाही. वजन करा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, भामटा बराच हलका लागतो. जुन्या लॅपटॉपचे सेल स्वस्त मिळतात, पण हजेरी घेऊन घ्या: दोन व्होल्टच्या खाली सापडलेला सेल पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, आणि भरून महिनाभर ठेवल्यावर बाकीच्यांपेक्षा खाली घसरणारा बाजूला काढा. सायकलला चढावर करंट लागतो, लॅपटॉपचे सेल तेवढ्यासाठी बनलेले नसतात. मी ते सायकलला घालत नाही.

चार्जर आणि ऊन

दुरुस्त पॅक पुन्हा बिघडायची दोन कारणं आपल्याकडे ठरलेली. पहिलं, ४८ व्होल्ट वाचून लेड-ॲसिडचा चार्जर लावणं. तो ५५ च्या बराच वर जातो. चार्जर विकत घेतानाच मोकळा मोजा, ५४.६ हवा, फार तर एखाद-दुसरा दशांश इकडेतिकडे. १२.५ अँपिअर-अवरच्या पॅकला दोन-तीन अँपिअरचा चार्जर पुष्कळ झाला.

दुसरं, ऊन. लिथियम-आयन सेलांना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, बहुतेक सेलांच्या माहितीपत्रकात ही मर्यादा असते. सोलापुरात मेमध्ये सावलीतच ४२-४३ होतं. दुपारी सायकलवरून उतरल्यावर काळ्या पेटीतला पॅक त्याच्या पुढेच असतो, आणि पत्र्याच्या घरात आणून लगेच प्लग लावला की सेलांचं आयुष्य झपाट्याने घटतं. संध्याकाळी आलात तर जेवून घ्या, पॅक हाताला गार लागू द्या, मग लावा. शक्यतो पहाटे. शहाबादी फरशीवर, गादी-चादरींच्या ढिगापासून लांब, आणि घराला एकच दार असेल तर त्या दारात तर नकोच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. रोजचं अंतर कमी असेल तर ५३ व्होल्टच्या आसपास चार्ज थांबवा आणि पूर्ण चार्ज महिन्यातल्या त्या बॅलन्सिंगच्या दिवशीच करा. पूर्ण भरून उन्हात उभा राहिलेला पॅक सगळ्यात लवकर म्हातारा होतो.

नव्याने बांधायचं असेल तर मी आता लिथियम आयर्न फॉस्फेट सुचवतो. (या रसायनावरचा १९९७ सालचा मूळ शोधनिबंध टेक्सासच्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, आणि त्यावर पाढी, नंजुंडस्वामी ही दोन भारतीय आडनावं आहेत.) १६ सिरीज २ पॅरलल, ३२७०० आकाराचे ६ अँपिअर-अवरचे सेल, पूर्ण चार्ज ५८.४ व्होल्ट. वजन दीड-दोन किलोने वाढतं, पण उष्णता जास्त सोसतात. बोल्टचे सेल घेतले तर स्पॉट वेल्डिंगची कटकटही जाते. तेही जळू शकतात, त्यामुळे बीएमएस आणि फ्यूज तिथेही लागतो. चार्जर मात्र वेगळा, आधीचा चालणार नाही. आणि मोटर २५० वॉट, ताशी २५ किलोमीटरच्या आत असली तर सायकलला नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेलात की पॅकचा करंटही वाढतो आणि कागदपत्रंही.

थांबायचं कधी

पॅक पडून असताना कोमट लागला, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास आला, किंवा सुरसुर ऐकू आली, तर मोजमाप बंद. शक्य असेल तर पॅक उघड्यावर न्या, धूर निघायला लागला असेल तर हात लावू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. धूर विषारी असतो. वाळूने ज्वाळा झाकल्या जातात, पण आतले सेल गार होत नाहीत आणि पुन्हा पेटतात. गार करतं ते पाणी, आणि ते बादलीभर पुरत नाही.

काढलेले सेल टोकांना टेप लावून वेगळ्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत सायकलच्या बॅटऱ्याही येतात. घंटागाडीत टाकू नका. तिथे कचरा दाबला जातो, आणि चेपलेला लिथियम सेल गाडीतच पेट घेऊ शकतो.